उताणा

त्या वर्षी अवेळी पाऊस दोनदा आला आणि दोन्ही वेळा तयार मीठ घेऊन गेला. पहिल्यांदा लोकांनी आभाळाला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा शिव्या द्यायलाही कोणी बांधावर थांबलं नाही. कालपर्यंत डोळ्यांत खुपणाऱ्या पांढऱ्या राशी होत्या, तिथे आता राखाडी चिखल होता आणि वर वीतभर गढूळ पाणी.

असं झालं की मिठागरात एकच काम उरतं. पाणी काढायचं, चिखल सारखा करायचा आणि वाफ्याचा तळ पायांनी तुडवून पुन्हा घट्ट करायचा. तळ भुसभुशीत राहिला तर मिठात माती येते आणि मग ते मीठ कोणी फुकट नेत नाही. चौघांनी एक आडवा वासा छातीशी धरायचा आणि एका ओळीत पाय आपटत जायचं, पुन्हा यायचं. वासा धरायचा तो आधारासाठी. मिठवणीत, म्हणजे त्या दाट खाऱ्या पाण्यात, पाय घसरून बसलं की कातड्याला जिथे जिथे भेग असेल तिथे आग लागते, आणि मिठागरात भेग नाही असा पाय नसतो.

वाशाच्या एका टोकाला वस्ताद, दुसऱ्या टोकाला त्याचा मुलगा, मध्ये दोघी बायका, वस्तादाची म्हातारी आणि सून. वस्तादाला त्याच्या खऱ्या नावाने त्याची बायकोही हाक मारत नव्हती. तरुणपणी तो कुस्तीत कोणाला ऐकला नाही आणि म्हातारपणी घरात कोणाचं ऐकत नव्हता. मुलगा पैलवान. त्यालाही सगळे पैलवानच म्हणायचे, अगदी त्याची आईसुद्धा. खांदे दाराला घासतील एवढे, मान आणि डोकं एकाच जाडीचं, दोन्ही कान कुस्तीत चुरगळून गाठी झालेले. माणूस मात्र गरीब. बापासमोर त्याची मान आपोआप खाली जायची आणि एवढी जाड मान खाली जाताना बघायला बरं वाटत नसे.

या घरात उताणं झोपायची बंदी होती. पाहुण्यांना हे विनोदी वाटायचं. पण वस्तादाचं म्हणणं असं की, जो झोपेत पाठ टेकतो तो कुस्तीतही टेकतो. पैलवान लहान असताना म्हातारी त्याच्या सदऱ्याला पाठीच्या बाजूने सुंभाची गाठ शिवून द्यायची, म्हणजे झोपेत उताणा झालाच तर ती टोचून तो वळावा. गाठीनेही वळला नाही तर वस्तादाची लाथ बरगडीत यायची. म्हातारी हे सगळं कौतुकाने सांगायची. "चार महिन्यांत सवय लागली हो. नंतर गाठ काढली तरी पोर पालथंच." सुनेने लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती. नंतर तिने पाहिलं, की नवरा गाढ झोपेतही पोटावरच असतो आणि चुकून कुशीवर आला तरी दचकून पुन्हा पालथा होतो. मग ती हसली नाही.

त्या वर्षी कुस्त्याही जवळपास झाल्याच नाहीत. ज्या मिठागरवाल्यांनी बक्षीस लावायचं त्यांचंच मीठ वाहून गेलेलं. धक्क्याजवळ एकच छोटा फड झाला. तिथे पैलवानाने आपल्या दीडपट माणसाला उचलून असा आपटला की बघणाऱ्यांच्या तोंडून 'अरारा' निघालं. बघणाऱ्यांत शहरातून आलेला एक जण होता. दुसऱ्या दिवशी तो चकचकीत बूट घालून मिठागरात आला आणि पहिल्याच बांधावर घोट्यापर्यंत रुतला.

हा कोच. शहरात त्याची तालीम होती, पण कुस्तीची नव्हे. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडायचं आणि ठोसे, लाथा, पकडी, गळा आवळणं, सगळं चालायचं, त्या लढतींची. त्याच्याकडे बॉक्सर होते, कराटेवाले होते. पैलवान नव्हता.

"वस्ताद, मुलगा द्या मला," चिखलातून पाय उपसत कोच म्हणाला. "धरण्यात याच्या तोडीचा माझ्याकडे कोणी नाही. एक लढत जिंकला तर तालमीत ठेवून घेतो. बाकीच्या पोरांना कुस्ती शिकवेल. मागे खोली आहे, नवराबायको राहतील."

खोली म्हटल्यावर सुनेने मान वर केली. तिच्या डाव्या टाचेची भेग दोन वर्षं बंद झाली नव्हती. रात्री तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा मिठवणीत उतरायचं. सासूचे पाय तिने पाहिले होते. त्यांना आता पाय म्हणायचं ते सवयीने. आणखी वीस वर्षांनी आपलेही असेच होणार हे तिला दिसत होतं, आणि ते न होण्याची एकच वाट आत्ता समोर चिखलात उभी होती.

वस्तादाने वासा खाली ठेवला नाही. "मला सांगा साहेब, तुमच्या पिंजऱ्यात पाठ टेकली की कुस्ती संपते?"

"नाही. तिथे तर खरी सुरुवात होते."

"मग ती कुस्ती नाही."

"कुस्ती नाहीच आहे वस्ताद. पण तुमच्या मुलाला कुस्तीवर पोट भरता येतंय का?"

"सुताराने उद्यापासून भांडी घडवायची का? त्याचा हात लाकडावर बसलाय. तुम्ही त्याला तांबं देणार. भांडं काही होणार नाही आणि सुतारकी जाईल ती जाईल."

"लाकूड वाहून गेलंय ना पण तुमचं," कोच म्हणाला आणि वाफ्याकडे बघितलं.

हे वस्तादाला झोंबलं. त्याने वाशाला धक्का दिला, चौघांची ओळ पुढे सरकली आणि कोच मागे राहिला. पण त्या दिवशी संध्याकाळी सुनेने नवऱ्याला धरलं. ती काही फार बोलली नाही. टाच पुढे केली आणि म्हणाली, "बघा जरा." त्याने बघितलं. दोन दिवसांनी तो शहरात जाऊ लागला, दिवसा मिठागर आणि संध्याकाळच्या गाडीने तालीम. वस्ताद त्याच्याशी बोलायचा बंद झाला.

कोचची तालीम एका गॅरेजच्या वर होती. खाली पत्रे ठोकायचे, वर माणसं. रबराच्या चटयांना जुन्या घामाचा वास. चटया पुसायला एक माणूस होता, त्याला सगळे ठोशा म्हणायचे. कधीकाळी नावाजलेला बॉक्सर. पिंजऱ्यात एकदाच उतरला आणि तिथून बाहेर आला तो थेट फडका घेऊनच. बोलताना त्याचे शब्द एकमेकांना चिकटायचे.

"मी हात घेऊन आलो होतो," तो पैलवानाला म्हणाला. "समोरच्याने माझा पाय धरला. मला पाय आहेत हे तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं मला." आणि स्वतःच खो खो हसला. "तू निदान धरून तरी ठेवशील. पण खाली पडलास तर?"

"मी पडत नाही."

"सगळे पडतात रे राजा."

पहिल्याच आठवड्यात पैलवान पडला. उभ्याने त्याला कोणी हलवू शकत नव्हतं, पण नडगीवर लाथा बसून पाय सुजला की डोंगरही बसतो. आणि पडला की तो क्षणात पालथा व्हायचा, हात छातीखाली, नाक चटईत. कुस्तीत हे बरोबर आहे. पालथ्या माणसाला उलटवता उलटवता भलेभले थकतात. पिंजऱ्यात मात्र पालथा माणूस म्हणजे आयतं गिऱ्हाईक. समोरचा पाठीवर बसतो, मागून डोक्यात गुद्दे घालतो आणि हनुवटीखालून हात घालून गळा आवळतो.

"उताणा हो! पाय याच्या कंबरेला गुंडाळ, हात धर!" कोच ओरडायचा. पैलवान 'हो' म्हणायचा आणि पुन्हा पालथा. "अरे माणूस आहेस की चटई? आपोआप गुंडाळतोस ते!" पोरं हसायची. एकदा कोचने चिडून सगळ्या पोरांना ओळीने त्याच्या पाठीवर बसवलं. एकेकाने गळा आवळायचा आणि हा वळेपर्यंत सोडायचं नाही. एकूण एक पोराने आवळला. पैलवान एकदाही वळला नाही. डोळे लाल झाले, तोंडातून लाळ चटईवर पडली आणि ठोशाने ती पुसली.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. "मला कळतं सगळं. अंगाला कळत नाही."

"अंगाला मी शिकवते," ती म्हणाली.

मिठाच्या कोठारात त्या वर्षी मीठ नव्हतंच. रिकाम्या गोण्या पसरून दोघं दुपारच्या सुट्टीत तिथे जायची. तो पडायचा, ती त्याच्या छातीवर बसायची आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे जमिनीला दाबून धरायची. तिचं वजन ते केवढं. त्याने नुसता श्वास घेतला तरी ती वरखाली व्हायची. पहिल्या दिवशी खांदे टेकताच त्याला कापरं भरलं आणि तिला घेऊन तो पालथा झाला. तिचं कपाळ खांबावर आपटलं. दुसऱ्या दिवशी ती टेंगूळ घेऊन पुन्हा बसली.

"वर बघा. काय दिसतं?"

तो बराच वेळ बघत राहिला. "या छपराला एवढी भोकं आहेत?"

"तुमचा जन्म गेला या कोठारात."

"मी कधी वर बघितलंच नाही," तो म्हणाला, आणि दोघंही हसू आवरेना म्हणून तोंडावर हात धरून हसली. लग्नानंतर इतकी हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

हळूहळू अंग ऐकायला लागलं. ती कोचचे डाव त्याच्याकडून ऐकून घ्यायची आणि मग स्वतः समोरचा माणूस व्हायची. तिने ठोसा मारायला हात पुढे टाकला की त्याने मनगट धरायचं, पाय तिच्या खांद्यावरून टाकायचा आणि कोपर उलटं ताणायचं. दुखलं की ती त्याच्या मांडीवर थापटायची आणि तो सोडायचा. तिची कोपरं सुजली. सासूने विचारलं तर म्हणाली, बादली उचलताना लचकलं.

एका दुपारी दारात सावली पडली. वस्ताद होता. मुलगा उताणा आणि सून त्याच्या छातीवर. 

"ऊठ पोरी."

ती उठली. पैलवान उठायला लागला तेवढ्यात वस्तादाने त्याच्या छातीवर पाय ठेवला. चिखलाने भरलेला, भेगाळलेला पाय. मग दुसराही ठेवला आणि मुलाच्या छातीवर उभा राहिला.

"हे शिकायला जातोस शहरात? दुसऱ्याच्या पायाखाली पडायला?" आणि मागे वळून त्याने बाहेर हाक दिली. "या रे सगळे! बघा, माझा मुलगा उताणा पडायची तालीम करतोय. एवढी वर्षं मी मूर्ख, उभं राहायला शिकवत होतो!"

माणसं आली. काही हसली, काही खाली मान घालून उभी राहिली, पण गेलं कोणीच नाही. म्हातारीही आली. तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "अगं बाई, वळ ना रे. वळ की." पैलवानाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून कानांच्या गाठींत साचलं. त्याची पाठ गोण्यांवर थरथरत होती. पण तो वळला नाही. बापाला छातीवर घेऊन छपराकडे बघत पडून राहिला. शेवटी वस्तादालाच तोल सावरेना आणि तो उतरून निघून गेला.

सुनेला वाटलं, जिंकलो. बापासमोर जो पाठ टेकून राहिला तो आता जगात कुठेही राहील. तिने मनातल्या मनात त्या खोलीत चूलही मांडली.

लढतीच्या दिवशी वस्ताद धुतलेले कपडे घालून दारात उभा. "मीही येतो," म्हणाला. कित्येक दिवसांनी तो मुलाशी बोलत होता. पैलवानाचा चेहरा असा उजळला की सून घाईने मध्ये पडली. ती म्हणाली, "बाबा, तिथे तुम्हाला नाही बघवणार." "मी याचा बाप आहे," वस्ताद म्हणाला. कोचनेही हॉलच्या दारात बजावलं, "वस्ताद, बसायचं. तोंडातून एक शब्द नाही." वस्तादाने मान डोलावली. त्याने खरंच मनावर घेतलं असावं, कारण पिंजऱ्याला लागून पहिल्या रांगेत तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

समोरचा उंच, हडकुळा, लाथा मारणारा. घंटा झाल्या झाल्या त्याने पैलवानाच्या मांडीवर अशी लाथ मारली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दुसरी, तिसरी. चौथ्या लाथेला पैलवानाने पाय धरला, खाली शिरला आणि त्याला डोक्यावर घेऊन आपटला. हॉल उठून उभा राहिला. वस्तादाच्या घशातून एक आवाज निघाला आणि त्याने तो गिळला. सुनेने त्याच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. त्या एका क्षणी तिला त्याची कीवही आली आणि त्याच्यावर मायाही.

पण हडकुळा खालून सरपटत निघाला, उभं राहता राहता त्याचा गुडघा पैलवानाच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात. मग दुखऱ्या मांडीवर आणखी एक लाथ, आणि डोंगर बसला. हडकुळ्याने वर उडी घेतली.

पैलवान उताणा झाला. न वळता, न कापता, नीट पाठ टेकून. पाय त्याच्या कंबरेला गुंडाळले.

"अस्संच!" सून उभी राहून ओरडली. "तसेच राहा! तसेच राहा!" कोच जाळीला चिकटून ओरडत होता. हडकुळा वरून गुद्दे घालत होता, त्यातले निम्मे पैलवानाच्या हातांवर बसत होते. आणि मग हडकुळ्याचा उजवा हात जरा जास्त पुढे आला. पैलवानाने मनगट धरलं. पाय खांद्यावरून टाकला. सुनेचं स्वतःचं कोपर दुखायला लागलं, इतका तो डाव तिच्या ओळखीचा होता. हडकुळ्याचा हात सरळ होत चालला, त्याचा जबडा वासला, त्याचा मोकळा हात थापटण्यासाठी वर उचलला गेला.

वस्तादाच्या डोळ्यांना हे काही दिसत नव्हतं. हात, कोपर, डाव, काही नाही. त्याला दिसत होता तो आपला मुलगा, भर दिव्यांखाली, एवढ्या माणसांत, दोन्ही खांदे जमिनीला टेकलेला. तो उठला.

"पाठ!" तो गरजला. "पाठ वाचव!"

आखाड्यात तीस वर्षं घुमलेला आवाज तो. सगळ्या हॉलचा गोंगाट त्याच्यापुढे खाली बसला. आणि पैलवान वळला. हातातलं मनगट सोडून, खांद्यावरचा पाय काढून, सगळं टाकून तो पालथा झाला, हात छातीखाली, नाक चटईत.

पुढचं सांगण्यासारखं नाही, पण झालं ते झालं. हडकुळा पाठीवर बसला. आधी कोपराने मारलं, एकाच ठिकाणी, त्याच डोळ्यावर, पुन्हा पुन्हा. मग हनुवटीखालून हात घातला. पैलवानाने जमिनीवर थापटलं असतं तर पंचाने सोडवलं असतं. पण थापटायचं असतं हे तो फक्त दुसऱ्यासाठी शिकला होता. त्याने थापटलं नाही. त्याचे पाय दोनदा आखडले आणि सैल पडले, तेव्हा पंचाच्या लक्षात आलं.

आतल्या खोलीत त्याला बाकावर कुशीवर निजवलं होतं. डॉक्टरने टॉर्च मारून डोळा बघितला, मग दुसऱ्यांदा बघितला आणि म्हणाला, "मोठ्या इस्पितळात न्या. पण आशा धरू नका, हा डोळा गेला." कोच भिंतीला टेकून उभा होता. "खोलीचं राहू दे आता," तो सुनेला म्हणाला. मग वस्तादाकडे वळला. "एक क्षण वस्ताद. एकच क्षण थांबायचं होतं. तुमचा मुलगा त्याचा हात मोडत होता."

"मुद्दाम ओरडलात?" सुनेने विचारलं. सासऱ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती.

"मुद्दाम कशाला? दिसलं, ओरडलो." वस्ताद खरं बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हेच तिला सहन झालं नाही.

पैलवानाने चांगला डोळा उघडला. ओठ फुटले होते. त्याने बापाला शोधलं. "पाठ लागली का बाबा?"

"नाही," वस्ताद म्हणाला. "वेळेवर वळलास."

आणि त्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. रक्ताने चिकटलेल्या केसांतून फिरवला. "डोळ्याचं मनावर घेऊ नकोस. कुस्ती काय, हातांनीच खेळायची असते. बरा झालास की पुन्हा मातीत ये."

"येतो बाबा."

वस्ताद गाडी बघायला बाहेर गेला. कोचही गेला. सून बाकाशेजारी जमिनीवर बसली, म्हणजे तिचा चेहरा त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर आला.

"माझा आवाज आला होता तुम्हाला?"

"आला ना."

"मी काय म्हणत होते?"

"तसेच राहा म्हणत होतीस."

"मग?"

त्याने खरंच विचार केला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. कपाळावर आठ्या पडल्या, भुवईतून पुन्हा थोडं रक्त आलं. मग त्याचे फुटलेले ओठ हळूहळू पसरले. तो हसत होता.

"बाबांनी डोक्यावर हात ठेवला," तो म्हणाला. "पाहिलंस ना?"

"पाहिलं," ती म्हणाली.